चार सेकंद

१२ जून २०११, रविवार

चॅनेलला चौथं पत्र लिहायचं नाही, असं आज ठरवलं. पहिल्या दोन पत्रांना उत्तरच नव्हतं. तिसऱ्याला छापील दोन ओळी आल्या: संग्रहातील दृश्यं खासगी व्यक्तींना दिली जात नाहीत. खासगी व्यक्ती म्हणजे मी. ज्याचा मुलगा त्या दृश्यात आहे तो.

मी ते एकदाच पाहिलंय, श्रीयशच्या तेराव्याला. कुणीतरी बाहेरच्या खोलीत टीव्ही लावला आणि भुशी धरणाच्या पायऱ्यांवर माझा मुलगा बसलेला दिसला. ओला, हसणारा, मान वळवून काहीतरी बोलणारा. खाली लाल पट्टी: ‘हुल्लडबाजांना आवरणार कोण?’ चार सेकंद असतील. मग टूथपेस्टची जाहिरात.

गेल्या वर्षी अठरा जुलैला सकाळी त्यांचा कॅमेरा धरणावर गर्दी टिपायला आला होता. त्याच दिवशी बारा वाजायच्या आत पाणी वाढलं आणि श्रीयश गेला. बावीस वर्षांचा, इंजिनिअर झालेला, नोकरीचं पत्र आलेला. हुल्लडबाज!

भुशीची कुठलीही बातमी असली की चॅनेलवाले तीच जुनी दृश्यं लावतात. जानेवारीत शेजाऱ्यांना दिसलं, मे महिन्यात आमच्या सिग्नल खात्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याला दिसलं. मला दिसत नाही, कारण मी तेव्हा नेमका अंघोळीला किंवा बाजारात. म्हणून आता दिवसरात्र ते चॅनेल रेकॉर्ड करायचं. कॉम्प्युटरवर होतं म्हणतात. आमची मुलगी इरावती नोकरीला पुण्यात गेली तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर इथेच टाकून गेली, तो कामाला येईल. रेल्वेत चौतीस वर्षं सिग्नल सांभाळले. येणाऱ्या गोष्टीची वाट बघणं मला जमतं.

श्रीयशच्या आईला, इंदिराला सांगितलं. ती म्हणाली, “मिळाल्यावर काय करणार?”

हा काय प्रश्न झाला?

१५ जून

लोणावळ्याच्या दुकानात फक्त टीव्ही-ट्यूनरचा डबा मिळतो. तो थेट मॉनिटरला जोडायचा, कॉम्प्युटर बंद असला तरी टीव्ही दिसतो. दुकानदार मोठ्या कौतुकाने सांगत होता. विचारलं, रेकॉर्ड कसं होणार? तर म्हणाला, “साहेब, रेकॉर्ड कशाला करता, परत लागतंच की.” त्याला काय बोलणार.

पुण्याला गेलो. तपकीर गल्लीत दोन प्रकार दाखवले. एक पेन ड्राइव्हसारखं, बाहेरून खोचायचं. दुसरं कार्ड, कॉम्प्युटर उघडून आत बसवायचं. खोचायचं सोपं म्हणून तेच घेतलं.

१७ जून, शुक्रवार

चूक झाली. चित्र अडखळतं. माणूस हात वर करतो आणि एकदम खालीच दिसतो, मधलं काही नाही. कॉम्प्युटर जुना, त्या वाटेने एवढं चित्र आत येत नाही. चार सेकंदांतला एक सेकंद गाळणारं यंत्र मला नको. उद्या जाऊन कार्ड आणतो.

हे सगळं टेबलावर पसरलेलं असताना इंदिराकडे शिवण शिकायला येणारी मुलगी आली. वलवणची आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी येते, वर्ष होत आलं. गरीब, शांत मुलगी. दारातून विचारलं, “सर, हे कशाचं?” भुशीच्या बातम्या रेकॉर्ड करायला, म्हणालो. ती सरळ आत गेली. आज मशीनचा आवाज फार आला नाही. शिकते की नुसतीच बसते, देव जाणे.

२० जून

कार्ड बसलं. देश भारत निवडला, सगळी चॅनेलं सापडली, चित्र स्वच्छ. आवाज मात्र नाही. दोन दिवस डोकं फोडलं. शेवटी कळलं की कार्डातून साउंडच्या भोकात जाणारी एक वीतभर वायर वेगळी लावावी लागते. खोक्यात होती, पुठ्ठ्याच्या खाली. माहितीपत्रकात तिचा उल्लेख नाही. आमच्या खात्यात असं पत्रक लिहिणाऱ्याला घरी पाठवला असता.

२३ जून

आता सॉफ्टवेअर. कार्डाबरोबर आलेलं दिसायला छान, पण वेळ लावून दिली की एकच कार्यक्रम घेतं आणि झोपतं. इंटरनेटवरून दुसरं उतरवलं. ते पंधरा दिवसांनी पैसे मागणार. तिसरं फुकट आहे, रूप कळकट, पण कामाचं. अखंड रेकॉर्ड करतं, तासातासाचे तुकडे पाडतं आणि डिस्क भरली की सगळ्यात जुना तुकडा आपोआप पुसून पुढे जातं. तासाला दोन जीबीच्या वर लागतं. जागा बावीस तासांची. म्हणजे आजचं उद्या बघून संपवलं नाही तर गेलं.

आठपट वेगाने बघतो. तीन तास बसावं लागतं. सगळी माणसं मुंग्यांसारखी पळतात.

२ जुलै

दोन दिवस फुकट गेले. मशीनने अठ्ठेचाळीस तास इमानेइतबारे कीर्तनं रेकॉर्ड केली. गेणू केबलवाल्याला फोन केला.

“सर, वरनंच बदाललं. न्यूजवाली समदी चाळीसच्या पुढं गेली. मी काय करनार? रिमोटनं शोधा की.”

“रिमोटने माणूस शोधतो. इथे मशीन बघतंय.”

“मशीन बघतंय?” मग म्हणाला, “सर, बरं हाय ना तुमचं?”

सगळ्यांना वाटतं मला वेड लागलंय. इरावतीही फोनवर तसंच बोलली, जरा सभ्य शब्दांत.

११ जुलै

शनिवारी दुपारी चार तास वीज नव्हती. नेमकं त्याच वेळी भुशीच्या गर्दीवर काहीतरी दाखवलं म्हणे. आता इन्व्हर्टर घेतला. इंदिरा म्हणाली, घरात फ्रिज बंद पडला तरी चालेल, हे चालू राहिलं पाहिजे, असंच ना? हो, असंच.

१८ जुलै, सोमवार

एक वर्ष. श्राद्ध तिथीने होईल. आजची तारीख फक्त मला आणि इंदिराला.

इथे खरं लिहायला हरकत नाही. त्या सकाळी आमचं वाजलं होतं. नोकरीचं पत्र टेबलावर ठेवून तो म्हणाला, “बाबा, आता एक सांगायचंय. वलवणची एक मुलगी आहे...” शेतकऱ्याचं घर, कसलं शिक्षण, कसली माणसं! मी पुढे बोलू दिलं नाही. तो नाव सांगत होता. मी म्हणालो, नाव ऐकायचं नाही मला. तो चहा न पिता गेला. मला वाटलं, फिरून येईल.

म्हणून ते चार सेकंद हवेत. रागावून गेला तेव्हाचा चेहरा शेवटचा राहू नये. त्यानंतर तो हसला होता, एवढं मी स्वतःच्या डोळ्यांनी पुन्हा बघायला हवं.

ती कोण मुलगी, ते कधी कळलं नाही. दिवसकार्यालासुद्धा फिरकली नाही. यावरून काय ते समजावं.

आज सोमवार असून ती शिवणाची मुलगी आली होती. इंदिराने तिला जेवायला वाढलं. दोघी स्वयंपाकघरात दार लोटून बसल्या. आजच्या दिवशी परक्या माणसाला कशाला बोलवायचं?

२४ जुलै, रविवार

मिळालं.

दुपारी एकच्या बातम्या थेटच बघत होतो. पट्टी आली: भुशी धरणावर दोघे वाहून गेले. खोटं कशाला लिहू, मी खुर्ची पुढे ओढली. छातीत धडधडलं ते त्या दोघांसाठी नव्हतं. त्यांचा कॅमेरा अजून तिथे पोचला नव्हता, म्हणून त्यांनी जुनी दृश्यं लावली. गर्दी, धबधबा, मक्याची कणसं, आणि श्रीयश.

“इंदिरा, आला! आला बघ!”

ती हात पुसत आली. तोवर दृश्य गेलं होतं. पडद्यावर दोघांची नावं येत होती, एक सतरा वर्षांचा. ती नावं वाचत उभी राहिली.

“महिनाभर दुसऱ्याचं पोर बुडायची वाट बघत होतात तुम्ही,” ती म्हणाली. “बुडालं. आता बघा पोटभर.”

रेकॉर्डिंग दाखवतो म्हणालो, तर आलीच नाही. आई असून.

२५ जुलै

रेकॉर्डिंग थांबवलं आहे, नाहीतर हा तुकडा पुसला जायचा. दिवसभर एकेक चित्र पुढे सरकवत बसलो. सेकंदाला पंचवीस. पूर्ण चार सेकंदही नाहीत, सत्त्याण्णव चित्रं आहेत.

निळा शर्ट. कपाळावर केस चिकटलेले. हनुवटीखाली ती लाल पट्टी. डावीकडे कुणी मुलगी उलटी झालेली छत्री सरळ करते आहे, तोंड अर्धं छत्रीत, हसते आहे. तिचा एक हात श्रीयशच्या खांद्यावर. कोण कुठली पर्यटक, परक्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून हसते! असल्यांमुळेच त्याला हुल्लडबाज म्हणायला मिळालं.

आवाज नाही. निवेदिका बोलते आहे, वर ढोल. पण एकसष्टाव्या चित्रापासून तो मान वळवून बोलतो. ओठ मिटतात, उघडतात. पुन्हा मिटतात, उघडतात. पन्नास वेळा तरी पाहिलं. तो ‘बाबा’ म्हणतो आहे.

इंदिराला सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पान वाढलं.

२७ जुलै

काम झालं. हवा तेवढा भाग कापला आणि चौकट डावीकडून छाटून ती छत्रीवाली बाहेर काढली. आता एकटा श्रीयश. एक चित्र स्टुडिओत नेऊन मोठं करून घेतलं. खांद्यावर चार बोटं राहिली होती. स्टुडिओवाला म्हणाला, “काका, हात काढून टाकू? कळणारसुद्धा नाही.” काढ म्हणालो. शर्टाचं निळं पसरवून त्याने बोटं झाकली. खरंच कळत नाही.

मूळ तासाची फाईल पुसली, जागा मोकळी केली आणि रेकॉर्डिंग पुन्हा सुरू केलं. कधीतरी लाल पट्टीशिवाय दाखवतील.

२९ जुलै, शुक्रवार

सकाळी फोटो बाहेरच्या खोलीत लावला. अकराला शिवणाची मुलगी आली. चपला काढताना तिला तो दिसला आणि तशीच उभी राहिली, एक चप्पल पायात.

“सर, हा त्या दिवशीचा ना? धरणावरचा?”

“हो. टीव्हीवरून काढला.”

ती जवळ गेली. खांद्यापाशी बोट नेलं, पण काचेला लावलं नाही. “ह्यात आणखी कोणी नव्हतं का, सर?”

“होती कुणी मुलगी. छाटून टाकली.”

“पूर्ण असेल ना पण? कॉम्प्युटरमध्ये?”

“पुसलं. जागा लागते.”

ती बरं म्हणाली. दुसरी चप्पल पुन्हा पायात घातली आणि गेली. शिवणाची पिशवी इथेच राहिली.

इंदिरा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, “ती प्रेरणा.”

“कोण प्रेरणा?”

“वर्षभर घरात येते आहे आणि तुम्हाला नाव माहीत नाही. छत्री तिची. हात तिचा. तो सांगत होता ना त्या सकाळी, ती ही.”

मी म्हणालो, मग मला का सांगितलं नाहीस? मोठ्याने म्हणालो असेन.

“सांगून काय? तिचं येणं बंद केलं असतंत. वर्षभर ती आणि मी त्याच्याबद्दल बोलतो. दुसरं कुणाशी बोलू? तुम्ही तर पत्रं लिहीत होतात.” मग ती खाली बसली. “तिच्याकडे त्याचा एक फोटो नाही हो. होते ते त्याच्या मोबाईलमध्ये, आणि मोबाईल त्याच्या खिशात होता. आज मीच म्हणाले होते तिला, ये, तुझा हात दिसतो त्यात, सर दाखवतील.”

आणि मला वाटत होतं इंदिराने पाहिलंच नाही. मी मंगळवारी बाजारात गेलो तेव्हा तिने ते लावून पाहिलं होतं.

३१ जुलै

पुसलेल्या फाईल परत आणायची दोन सॉफ्टवेअरं उतरवली. पहिल्याने काहीच दाखवलं नाही. दुसऱ्याला फाईलचं नाव सापडलं, वेळसुद्धा बरोबर, २४ जुलै दुपारी एक. उघडली तर आत बाजारभाव आणि हवामान. त्या जागेवर माझ्याच रेकॉर्डिंगने नवे तास भरले होते. सत्तावीस तारखेला मशीन बंद ठेवलं असतं तर कदाचित मिळालं असतं. लाल पट्टीशिवाय हवा होता मला.

५ ऑगस्ट

मंगळवारी आली नाही, आजही नाही. इंदिरा माझ्याशी कामापुरतं बोलते. पिशवी खुंटीवर आहे. आत अर्धा शिवलेला झगा आहे, लहान मुलीचा.

स्टुडिओत जाऊन विचारलं, हात झाकायच्या आधीचा फोटो आहे का. होता. अख्खी मुलगी नाही, पण चार बोटं आहेत. छापून घेतला.

९ ऑगस्ट, मंगळवार

शिवणाची पिशवी आणि फोटो घेऊन वलवणला गेलो. घर विचारत गेलो तेव्हा ‘कोण, भिमाजींची प्रेरणा का’ असं दोघांनी विचारलं. आपण येतो आहोत याचा काय बोभाटा होईल, हे डोक्यातच आलं नव्हतं. प्रत्येक घराच्या ओट्यावर माणूस होतं.

दारात तिची आई, नंदाबाई, तांदूळ निवडत होती. “या की सर. बसा. पोरीचं काय चुकलं का? दोन खेपा झाल्या, जात न्हाई म्हनते. म्या म्हनलं, शिकायचं ऱ्हायलंय, आसं मधीच सोडू नगं. आता लगीन व्हनार, कामाला यील.”

“लग्न?”

“व्हय, ठरतंय. तिकडं पवनेच्या बाजूला. चांगली मान्सं हाईत.”

तिला काही माहीत नव्हतं. माझ्या हातातल्या पिशवीत तो फोटो होता. मी तो उलटा केला.

प्रेरणा बाहेर आली. मला पाहून पांढरी पडली. पण आवाज नीट ठेवून म्हणाली, “आई, सरांना फाट्यापर्यंत सोडून येते.” रस्त्याला लागलो. मी पिशवीत हात घातला तर म्हणाली, “इथं काढू नका.”

पुढे वळणावर कुणी नव्हतं. तिने पिशवीचं तोंड उघडून आतच पाहिलं. बराच वेळ.

“माझाच हात,” म्हणाली.

“घे. तुझ्यासाठी आणलाय.”

“कुठं ठेवू, सर?” तिने पिशवीतून झगा काढून घेतला आणि फोटो आत तसाच ठेवून पिशवी मला दिली. “इंदिरामावशींना द्या. मी आले की बघेन.”

“येशील?”

ती झग्याचा सुटलेला दोरा ओढत राहिली.

मी माफी मागायला गेलो होतो. तिथे उभा राहून वेगळंच विचारलं. म्हणालो, “तो बोलताना दिसतो. माझ्याकडे... म्हणजे, मला हाक मारतो ना? ‘बाबा’ म्हणतो.”

तिने खाली पाहिलं. “मावशींनी विचारलं होतं मला. खरं सांगू का, सर?”

“सांग.”

“‘मामा’ म्हणाला. वर कणीसवाले होते ना, त्यांना. ‘मामा, दोन द्या.’ मी पैसे द्यायला वर गेले. दोन पायऱ्या, तीन पायऱ्या. कणसं हातात घेतली आणि वळले तर खाली पायऱ्याच नव्हत्या. नुसतं पाणी.” मग म्हणाली, “मी ओरडले. मग पळाले. घरी कळेल म्हणून पळाले, सर. कुणाला सांगितलं नाही मी तिथं होते. मावशींना सांगितलं फक्त.”

बाबा आणि मामा. आरशासमोर उभा राहून आत्ता दोन्ही म्हणून पाहिलं. ओठ सारखेच हलतात.

“सकाळी तो काही बोलला का? माझ्याबद्दल?”

“नाही,” ती म्हणाली. “तुमचं नावच काढलं नाही. मजेत होता.”

समोरून एक दुधाची गाडी आली. ती झगा घडी करून काखेत घालून परत फिरली.

१० ऑगस्ट

इंदिराला विचारलं, “तुला माहीत होतं? ‘मामा’ म्हणाला ते?”

“तुम्ही ‘बाबा’ म्हणालात त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं.”

“मग?”

“मग काय?” ती भाजी चिरत होती. “तुम्ही किती दिवसांनी जेवलात त्या दिवशी. मी कशाला बोलू?”

भिंतीवरचा फोटो तिने उतरवला, त्या जागी चार बोटांचा लावला. मी आड आलो नाही.

प्रेरणाचं लग्न दिवाळीनंतर. त्याआधी भुशीच्या बातम्या अजून महिनाभर तरी चालतील. यंदाची दोन मुलं गेल्यावर त्यांच्याकडे नवी दृश्यं आली आहेत, हल्ली तीच लावतात. तरी एखाद्या वेळी चुकून जुनं लावतीलच.

कालचे बावीस तास साठलेत. आज संपवले नाहीत तर पुसले जातील. आठपट वेग नको, चारपट लावला आहे. बघायला बसलो. डावीकडे बघायचंय.